कानाआड राहिलेला बेस : इस्राएल क्रॉस्बी आणि जॅझ पियानो ट्रायो

१/२२
१६ जानेवारी १९५८. शिकागोच्या दक्षिण भागातील पर्शिंग हॉटेलचे लाउंज. पियानोवर अहमद जमाल, ड्रम्सवर व्हर्नेल फोर्निये आणि डबल बेसवर इस्राएल क्रॉस्बी. येथे मुद्रित झालेल्या ४३ रचनांतून जमालने आठ निवडल्या आणि ‘ॲट द पर्शिंग : बट नॉट फॉर मी’ ही एलपी निघाली. बिलबोर्डच्या यादीत ती शंभराहून अधिक आठवडे टिकली. शब्दांवाचूनच्या जॅझ तबकडीला असे यश क्वचितच लाभते. जमालचे नाव घरोघरी पोहोचले. हा धागा मात्र त्या रात्रीच्या बेसवादकाविषयी आहे.

२/२२
जॅझचा इतिहास बहुधा एकलवादकांच्या नावांनी सांगितला जातो : कोणी कोणता नवा मार्ग काढला, कोणी कोणाला मागे टाकले. अशा कथनात साथीदाराला एखादी ओळ मिळते. इतिहासाच्या अभ्यासकापुढे येथे एक जुनाच प्रश्न उभा राहतो. ज्या माणसाचे कामच वेगळे उठून न दिसण्याचे होते, त्याचे श्रेय कोणत्या साधनातून शोधायचे? दरबारातील कारकुनाच्या बाबतीत अभ्यासक अक्षराकडे आणि समासातील शेऱ्यांकडे वळतो. बेसवादकाच्या बाबतीत अस्सल साधन एकच आहे, आणि ते म्हणजे ध्वनिमुद्रण.

३/२२
प्रथम वाद्य समजून घेऊ. डबल बेस माणसाच्या उंचीचा असतो. त्याला चार तारा असतात, आणि सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झ इतका खोल असतो. जॅझमध्ये तो बहुतेक वेळा गजाऐवजी बोटांनी छेडला जातो. त्याच्याकडे दोन कामे असतात : लय धरून ठेवणे आणि स्वरसंघाचा, म्हणजे कॉर्डचा, पाया दाखवणे. आपल्या मैफलीत ठेका तबल्याकडे आणि आधारस्वर तंबोऱ्याकडे असतो. जॅझमध्ये या दोन्ही जबाबदाऱ्यांचा मोठा वाटा बेसवर पडतो. शिवाय येथे पाया स्थिर नसतो, कॉर्ड बदलला की तोही सरकतो.

४/२२
हा स्वर मुद्रित करणे आरंभी जवळपास अशक्य होते. १९२५ पूर्वी मायक्रोफोनविना, मोठ्या कर्ण्यासमोर वाजवून तबकड्या तयार होत. कर्ण्याला खोल स्वर नीट पकडता येत नसत. एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरचा प्रसिद्ध वाद्यवृंद इंडियाना राज्यातील रिचमंड येथे मुद्रणासाठी गेला. बिल जॉन्सन हा त्या वृंदाचा बेसवादक. त्या तबकड्यांवर तो बॅन्जो वाजवतो. केवळ तबकड्यांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाला त्या वृंदात बेस होता, हेसुद्धा कळणार नाही.

५/२२
१९२५ पासून विद्युत मुद्रण रूढ झाले. मायक्रोफोन आला आणि खोल स्वर तबकडीवर उतरू लागले. तोवर अनेक वाद्यवृंदांत पायाचे काम ट्यूबा हे फुंकण्याचे पितळी वाद्य करीत असे. १९३०च्या दशकात ट्यूबा मागे पडला व डबल बेस पुढे आला. ट्यूबावादकाला श्वासासाठी थांबावे लागते. बेसवादक मात्र प्रत्येक बारमधील चारही मात्रा न थांबता वाजवू शकतो. पायरीपायरीने एका कॉर्डकडून दुसऱ्याकडे चालत जाणाऱ्या या चालीला ‘वॉकिंग बेस’ म्हणतात.

६/२२
याचा परिणाम पियानोवरही झाला. १९२०च्या दशकातील ‘स्ट्राइड’ शैलीत पियानोवादकाचा डावा हात अखंड राबत असे. पहिल्या व तिसऱ्या मात्रेला खोल स्वर, दुसऱ्या व चौथ्या मात्रेला वरचा कॉर्ड. म्हणजे बेसचे काम तोच हात करीत होता. शेजारी सक्षम बेसवादक उभा राहिला आणि डावा हात मोकळा झाला. १९४०च्या दशकात बड पॉवेलसारख्या पियानोवादकाने डाव्या हाताला तुरळक कॉर्डपुरते ठेवून उजव्या हाताने दीर्घ, वेगवान सुरावटी विणल्या. हे स्वातंत्र्य बेसवादकाने उचललेल्या कामावर उभे होते.

७/२२
पियानो ट्रायोची रचनाही एकाच प्रकारची नव्हती. १९३७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या नॅट किंग कोलच्या ट्रायोत पियानो, गिटार आणि बेस होते, ड्रम्स नव्हते. पुढे ऑस्कर पीटरसननेही रे ब्राउन या बेसवादकासोबत हीच मांडणी अनेक वर्षे राखली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस गिटारच्या जागी एड थिगपेनचे ड्रम्स आले. जमालचा प्रवासही गिटारकडून ड्रम्सकडे झाला. वाद्ये बदलली, पण दोन्ही मांडण्यांत बेस होताच.

८/२२
आता क्रॉस्बीकडे वळू. त्याचा जन्म १९ जानेवारी १९१९ रोजी शिकागोत झाला. दक्षिणेकडील राज्यांतील वंशभेद आणि दारिद्र्य मागे टाकून कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळी उत्तरेकडे येत होती. शिकागोतील त्यांची संख्या १९१० मध्ये सुमारे ४४ हजार होती, ती १९३० पर्यंत २ लाख ३० हजारांच्या पुढे गेली. क्रॉस्बी सहा महिन्यांचा असताना, जुलै १९१९ मध्ये, शहरात भीषण वांशिक दंगल उसळली व ३८ माणसे मेली. याच शहराच्या दक्षिण भागात जॅझची मोठी बाजारपेठ वाढली.

९/२२
क्रॉस्बी आधी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा वाजवीत असे. मग तो डबल बेसकडे वळला. ट्यूबाकडून बेसकडे झालेले जॅझचे स्थित्यंतर त्याच्या स्वतःच्या शिक्षणातच घडले. नोव्हेंबर १९३५ मध्ये ड्रमवादक जीन क्रूपाने शिकागोत काही तबकड्या मुद्रित केल्या. क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, पियानोवर जेस स्टेसी आणि बेसवर सोळा वर्षांचा क्रॉस्बी होता. त्यांतील एका रचनेचे नाव ‘ब्लूज ऑफ इस्राएल’. त्या रचनेत बेस मागे न राहता समोर येऊन बोलतो. बेसला असे अग्रस्थान देणारी ती आरंभीच्या तबकड्यांपैकी एक आहे.

१०/२२
या मुद्रणाला आणखी एक संदर्भ आहे. एका कृष्णवर्णीय मुलाने गोऱ्या वादकांसोबत वाजवणे १९३५ मध्ये बंद स्टुडिओत शक्य होते, जाहीर रंगमंचावर मात्र ती दुर्मीळ गोष्ट होती. शिकागोतील वादकांच्या संघटनाही वंशानुसार विभागलेल्या होत्या. गोऱ्यांची लोकल १० आणि कृष्णवर्णीयांची लोकल २०८. या दोन संघटना १९६६ मध्ये एकत्र आल्या. क्रॉस्बीच्या नावाची ती तबकडी क्रूपाच्या खात्यावर नोंदली गेली आहे, यादीत ती शोधायची तर क्रूपाच्या नावाने शोधावी लागते.

११/२२
१९३६ मध्ये क्रॉस्बी फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात होता. त्या वर्षी या वृंदाची ‘ख्रिस्तोफर कोलंबस’ ही तबकडी गाजली. १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात जिमी ब्लॅन्टन आला. ‘जॅक द बेअर’सारख्या रचनांत त्याने बेसवर एखाद्या सुषिर वाद्यासारख्या मुक्त सुरावटी वाजवल्या. जुलै १९४२ मध्ये क्षयरोगाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. बेसच्या इतिहासातील पहिला मोठा टप्पा म्हणून त्याचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे.

१२/२२
दुसरा टप्पा १९६१ चा. २५ जून रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात बिल इव्हान्सच्या ट्रायोचे वादन मुद्रित झाले. बेसवादक स्कॉट लाफॅरो पियानोशी बरोबरीने संवाद करतो, त्याचे वाक्य तोडतो, पुरे करतो. ड्रम्सवर पॉल मोशन होता. अकरा दिवसांनी, ६ जुलै रोजी, मोटार अपघातात लाफॅरो गेला, वय २५. ब्लॅन्टनकडून लाफॅरोकडे जाणारी ही रेषा बेसच्या मुक्तीची कथा म्हणून सांगितली जाते : आधी पायाशी बांधलेले वाद्य, नंतर स्वतंत्र आवाज.

१३/२२
या कथेत तथ्य आहे, पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे : जो पायाशी राहिला तो अजून मुक्त झाला नव्हता. लाफॅरोनंतर इव्हान्सच्या ट्रायोत चक इस्राएल्स आला. १९६२ च्या ‘मून बीम्स’ या विलंबित गतीच्या रचनांच्या एलपीवर त्याचा बेस ऐकावा. तो कमी बोलतो आणि पियानोच्या दीर्घ वाक्यांना जागा ठेवतो. मुक्तीच्या मापाने मोजले तर हे एक पाऊल मागे ठरेल. ऐकताना तसे वाटत नाही. मापच अपुरे असावे, अशी शंका येते, आणि क्रॉस्बीच्या उदाहरणाने ती बळावते.

१४/२२
कारण क्रॉस्बीचा प्रवास उलट दिशेने जातो. वयाच्या सोळाव्या वर्षी तो तबकडीच्या अग्रभागी होता. पर्शिंगच्या मुद्रणाच्या वेळी, तीन दिवसांनी ३९ वर्षांचा होणारा हा वादक पायाशी उभा आहे. मधल्या काळात तो हेंडरसन, टेडी विल्सन अशा श्रेष्ठांसोबत वाजवून आला होता. एकल वादनाची क्षमता त्याने आधीच सिद्ध केली होती. तेव्हा पर्शिंगमधील त्याच्या मितभाषी वादनाला उणीव म्हणता येत नाही. त्याची उकल ट्रायोच्या संगीतात शोधावी लागते.

१५/२२
अहमद जमालचा जन्म १९३० मध्ये पिट्सबर्गला झाला. शिकागोत त्याने ‘थ्री स्ट्रिंग्ज’ नावाचा पियानो-गिटार-बेस ट्रायो उभा केला. १९५५ च्या मुद्रणांत त्याच्यासोबत गिटारवर रे क्रॉफर्ड आणि बेसवर क्रॉस्बी आहेत. पुढे गिटार गेली आणि न्यू ऑर्लिन्सचा फोर्निये ड्रम्सवर आला. जमालचे वैशिष्ट्य म्हणजे विराम. तो छोटे वाक्य वाजवतो आणि थांबतो, कधी कित्येक मात्रा गप्प राहतो. पियानोवादकाला असे थांबणे तेव्हाच परवडते, जेव्हा त्या थांबण्यात संगीत कोसळणार नाही याची त्याला खात्री असते.

१६/२२
ती खात्री क्रॉस्बी आणि फोर्निये देत होते. ‘बट नॉट फॉर मी’ हे गर्श्विन बंधूंचे १९३० चे गीत. जमाल त्याची ओळखीची चाल तुकड्यातुकड्यांनी देतो. मोकळ्या जागांत बेस ऐकू येतो : कॉर्डचा मूळ स्वर दाखवून तेथेच न थांबता पुढच्या कॉर्डकडे नेणारी, स्वतःची चाल असलेली एक ओळ. ती इतकी गुळगुळीत आहे की प्रथम ऐकताना ती वेगळी जाणवत नाही. पियानो गप्प असतानाही गाणे चालू आहे असे वाटते, त्याचे कारण ही ओळ.

१७/२२
‘पॉइन्सियाना’ हे सर्वाधिक गाजलेले मुद्रण आठ मिनिटांहून थोडे अधिक आहे. फोर्निये एका हातात मऊ टोकाचा मॅलेट आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकींतील ढोलांची आठवण देणारा ठेका धरतो. क्रॉस्बी एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा वाजवतो. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा धरते, त्याची येथे आठवण व्हावी. लेहरा सैल झाला तर तबलजीचे गणित उघडे पडते. येथे तर ती आकृती बदलत्या कॉर्डबरोबर जागा बदलते आणि तरीही तिचा तोल ढळत नाही.

१८/२२
हे सोपे नसते. त्या काळी बहुतेक बेसवादकांच्या तारा जनावरांच्या आतड्यांपासून वळलेल्या, म्हणजे तातीच्या असत. पोलादी तारा पुढे रूढ झाल्या. तातीचा स्वर ठसकेदार उमटतो आणि लवकर विझतो, त्यामुळे पुढचा स्वर नेमक्या क्षणी यावा लागतो. बेसच्या गळ्यावर पडदे नसतात, बोट किंचित सरकले की स्वर बेसूर होतो. आठ मिनिटे तीच आकृती त्याच वजनाने आणि सुरात वाजवताना लहानशी चूकही पुनरावृत्तीमुळे ठळक होते. लपायला जागा उरत नाही.

१९/२२
समकालीन समीक्षेला हे फारसे ऐकू आले नाही. जमालच्या संगीताला काही समीक्षकांनी ‘कॉकटेल म्युझिक’ ठरवले, म्हणजे गप्पा मारताना मागे वाजत राहावे असे. शांत ते सोपे, आणि लोकप्रिय ते उथळ, असा तो निवाडा होता. वादकांचे मत वेगळे होते. माइल्स डेव्हिस जमालचा उघड चाहता होता आणि आपल्या पियानोवादकाला, रेड गारलंडला, जमालसारखे वाजवायला सांगत असे. १९५६ मध्ये डेव्हिसच्या ‘वर्किन’ या एलपीसाठी गारलंड, पॉल चेंबर्स आणि फिली जो जोन्स या ट्रायोने ‘अहमदज् ब्लूज’ मुद्रित केले.

२०/२२
पुढच्याच वर्षी गिल इव्हान्सने डेव्हिसच्या ‘माइल्स अहेड’साठी जमालची ‘न्यू रुम्बा’ ही रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधली. ही बांधणी जमाल, क्रॉफर्ड आणि क्रॉस्बी यांनी १९५५ मध्ये केलेल्या मुद्रणाच्या अगदी जवळून जाते. तिघांनी मोकळ्या जागा ठेवून जे उभे केले होते, तेच येथे मोठ्या वृंदात विस्तारले. अशा वेळी प्रभाव कोणाचा म्हणायचा? इतिहासाची पुस्तके ‘जमालचा माइल्सवर प्रभाव’ असे लिहितात. तबकडी मात्र तीन माणसांची आहे, आणि ज्या विरामांचे कौतुक झाले ते एकट्या पियानोचे नव्हते.

२१/२२
१९६२ मध्ये ट्रायो विसर्जित झाला. क्रॉस्बी आणि फोर्निये दोघेही लंडनमध्ये जन्मलेल्या अंध पियानोवादक जॉर्ज शिअरिंगकडे गेले. त्याच जूनमध्ये तिघांनी ‘जॅझ मोमेंट्स’ ही एलपी मुद्रित केली. शिअरिंग हा जमालहून वेगळ्या घडणीचा पियानोवादक. तरीही बेसची तीच स्थिर, गोल आणि पुढची वाट दाखवणारी ओळ येथे ऐकू येते. एका पियानोवादकाची देणगी मानली गेलेली गोष्ट बेसवादक आपल्यासोबत घेऊन गेला होता, याचा हा श्राव्य पुरावा. ११ ऑगस्ट १९६२ रोजी, ४३ व्या वर्षी, क्रॉस्बीचा मृत्यू झाला.

२२/२२
हे सारे पडताळून पाहायचे तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. इतक्या लहान स्पीकरला ४१ हर्ट्झचा स्वर पेलत नाही. १९२३ च्या कर्ण्याने जे गाळले तेच तोही गाळतो. चांगले हेडफोन घ्यावेत. ‘पॉइन्सियाना’ प्रथम नेहमीसारखे ऐकावे. दुसऱ्यांदा पियानोकडे दुर्लक्ष करून फक्त बेस ऐकावा, तिसऱ्यांदा पियानो थांबतो त्या जागा मोजाव्यात. मग ‘ब्लूज ऑफ इस्राएल’ लावावे आणि सोळा वर्षांच्या त्या मुलाचा बेस ऐकून पुन्हा पर्शिंगकडे यावे. दोन्ही ठिकाणी तोच माणूस वाजवतो आहे. त्याला काय येत होते हे पहिल्या तबकडीत कळते, त्याने काय राखून ठेवले हे दुसरीत.